तेरा नंबरचा कार्बन

निरवांगीत महिपतींना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे काटेवाले आबा म्हणत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की आबा आकड्याकडे नंतर बघत, आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे. ट्रॉलीच्या तळाशी कुणी दगड घातलेत, कुणी मोळ्यांवर पाणी मारलंय, हे त्यांना म्हणे चेहऱ्यावरूनच कळायचं. नोकरी संपली, ट्रॅक्टर गेले, सवय तेवढी राहिली. आता ते माणसं तोलत. अजितच्या दहाव्याला कोण आलं, कोण नदीवरूनच परत फिरलं, कुठल्या पाहुण्यानं डोळे पुसता पुसता घड्याळ बघितलं, सगळं त्यांच्या डोक्यात तारीखवार लावून ठेवलेलं होतं. मुलगा त्यांचाच, एकुलता एक, चौतीस वर्षांचा. आणि त्या दिवशीही ते हेच मोजत बसले होते. मोजायला काही नसतं तर त्या दिवशी ते उभे राहिले असते की नाही, कुणास ठाऊक.

अजितनं मधमाश्यांच्या बावीस पेट्या मागे ठेवल्या होत्या. डाळिंबाच्या बांधाला लोखंडी घोड्यांवर ओळीनं मांडलेल्या. मे महिन्यात त्याला कावीळ झाली, ती लिव्हरवर गेली, आणि पुण्याच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी सगळं संपलं. पेट्या विकून टाकाव्यात असं चार जणांनी सुचवलं. सून राजलक्ष्मीनं ते ऐकून घेतलं. तेरावं झालं तशी ती जाळीचा टोप डोक्यावर चढवून पेट्यांकडे गेली. सहा वर्षांच्या छकुलीला बांधावर बसवायचं, एकेक चौकट उचलून बघायची, हे तिनं दर आठ दिवसांनी केलं. संक्रांतीनंतर कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलले, शेवगा फुलला, आणि पावणेदोनशे किलो मध निघाला. अजितच्या वेळेपेक्षा जास्त. बाटलीवर तिनं त्याचंच नाव ठेवलं : अजित मध, निरवांगी. पुण्याची एक कंपनी हे नाव तसंच ठेवून आपल्या दुकानांत बाटल्या मांडायला तयार झाली होती. फक्त आधी नमुना तपासून घेणार होती.

तपासणीचा कागद फाल्गुनात आला. नमुना नामंजूर.

कागद इंग्रजीत होता, म्हणून आबांनी तो हायस्कूलच्या ज्ञानेश सरांकडे नेला. सर नववी-दहावीला विज्ञान शिकवत. कुणी काही विचारलं की त्यांचा हात आपोआप खडू शोधायचा. खडू नव्हता म्हणून त्यांनी पेन घेतलं.

"आबा, तुमच्या मधात उसाची साखर आहे असं म्हणतायत. सात टक्क्यांपर्यंत चालते. इथं एकवीस आहे."

"साखर ती साखर. मधातबी साखरच असती की. ही उसाची, ती फुलाची, हे त्यांना पुण्यात बसून कुणी सांगितलं?"

"कार्बननं."

"म्हंजी कोळसा?"

"कोळशात तोच, साखरेत तोच, तुमच्या-माझ्या अंगातही तोच." सरांनी कागदाच्या पाठीवर एक गोल काढला. "त्याच्या गाभ्यात सहा प्रोटॉन. सहा असले तरच कार्बन. पाच असले तर दुसरंच काहीतरी, सात असले तर तिसरंच. नाव ठरतं ते यावर. पण प्रोटॉनच्या शेजारी न्यूट्रॉन बसलेले असतात. बहुतेक कार्बनमध्ये तेही सहाच. सहा आणि सहा?"

"बारा. मला काय नववीत बशिवलंय का?"

"बारा. हा वस्तुमानांक. पण शंभरात एखादा कार्बन असा निघतो, की न्यूट्रॉन सात."

"तेरा."

"तेरा. दोघंही कार्बनच. त्यांना समस्थानिकं म्हणतात. जळायचे तर दोघं सारखे जळतात, गोड लागायचे तर सारखे लागतात. जिभेला कळत नाही."

आबा गोलाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. अजित गेल्यापासून तो असा पहिल्यांदाच उजळला असेल.

"म्हंजी सर, नंबरप्लेट एकच, पर काट्यावर वजन येगळं. ट्रॅक्टर त्योच, ट्रॉलीत एक पोतं जादा."

"अहो, वर्गात वीस वर्षं सांगतोय, असं कुणी सांगितलं नाही!" सर खूष झाले. "आता पुढचं ऐका. झाडं हवेतला कार्बन घेतात. डाळिंब, शेवगा, कांदा ही मंडळी जरा नखरेल. हलका बारावाला आधी उचलतात, तेरावाल्याला मागं सारतात. ऊस तसा नाही, आलेल्याला फारसं परत पाठवत नाही. म्हणून उसाच्या साखरेत तेरावाला किंचित जास्त. हजारामागं चौदा-पंधरा, एवढाच फरक. पण यंत्र तो धरतं. फुलाच्या मधात ऊस मिसळला की वजन बोलतं."

"काटा खोटं बोलत न्हाय," आबा म्हणाले.

"नाही. पण एक लक्षात ठेवा, आबा. हा कागद साखर कुठल्या पिकाची एवढंच सांगतो. कुणाच्या हातची, ते नाही."

"ते मी बघतो," आबा म्हणाले आणि कागदाची घडी घालून उठले.

बघायला त्यांना दोन दिवसही लागले नाहीत. दिवाळीला कारखान्याकडून सभासदाची साखर आली होती, पन्नास किलोचं भरलेलं पोतं. फाल्गुनात ते रिकामं पोतं घडी होऊन फडताळावर बसलं होतं. घरात चार माणसं. त्यात त्यांची बायको द्वारकाबाई अजित गेल्यापासून बिनसाखरेचा चहा पीत होती. आबांनी ते पाहिलं होतं आणि तिच्या दुःखाच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं. छकुली खाऊन खाऊन किती खाणार? मधाच्या खोलीची किल्ली राजलक्ष्मीच्या कमरेला. मध नेहमीपेक्षा जास्त निघालेला. आबांनी बेरीज केली. बेरीज चुकीची नव्हती.

तोवर गावात कुजबुज पोचलीच. डेअरीवर दूध घालायला गेल्यावर रांगेतल्या छबूबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, म्हशीच्या दुधाचंबी पुण्याला पाठवून वजन करून आणा की! आमालाबी कळंल किती ऊस खाल्लाय तिनं." रांगेतले हसले. आबांनी हसणारे मोजले. नऊ.

त्या दुपारी ते ज्ञानेश सरांना बोलावून मधाच्या खोलीत गेले. काट्यावर पावती फाडली की तिच्यावर दोन सह्या लागायच्या. एकट्याच्या सहीवर आबांनी कधी काही धरलं नव्हतं. सरांना वाटलं, कागद सुनेला समजावून सांगायचाय. दारात उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपल्याला कशाला आणलंय ते, पण तोवर उशीर झाला होता.

राजलक्ष्मी मध काढायचं यंत्र गरम पाण्यानं धूत होती.

"दिवाळीचं पोतं कुठं गेलं?" आबांनी विचारलं.

"संपलं, आबा."

"कशात संपलं?"

तिचा हात थांबला. समोरच्या खिडकीतून डाळिंबाची बाग दिसत होती. डोक्यावर पदर घेतलेली द्वारकाबाई झाडांमधून पलीकडे चालली होती. राजलक्ष्मीनं तिकडे बघितलं आणि नजर खाली घातली. आबांनी ती नजर टिपली. एकतीस वर्षांत नजर खाली घालणारा एकही ड्रायव्हर निर्दोष निघाला नव्हता.

"मधात तू साखर घातलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "मीच घातली."

"कशापायी?"

"मध कमी भरंल वाटलं."

"बाटलीवर नाव कुणाचं हाय ते तरी बघायचंस!"

"ठावं हाय, आबा."

"सर, ऐकलंसा न्हवं? तिच्या तोंडानं सांगितलंय." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं, "शेवटी दुसऱ्या घरचं रगात. तिला अजितचं नाव ऱ्हायलं काय, गेलं काय."

सर चपला घालून निघून गेले. राजलक्ष्मीनं यंत्र पुसलं, पालथं घातलं, कमरेची किल्ली काढून खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी ती छकुलीला घेऊन एसटीनं अंथुर्ण्याला, माहेरी गेली. द्वारकाबाईला तिनं सांगितलं, भावाकडं तोडणीला माणसं न्हाईत, चार दिस जाऊन येते. द्वारकाबाईनं छकुलीच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरले.

चार दिवसांचे चौदा झाले. आबांना स्वतःबद्दल शंका नव्हती. पण सवय वाईट. घरात आता माणसं दोन. त्यातलं एक साखर खात नाही. दुसऱ्याला सकाळ-संध्याकाळ कप कप चहा. आणि पाच किलोची पिशवी सहा दिवसांत संपली. आबांनी दुसरी आणली. डब्यात ओतताना आत बोटानं खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी साखर खुणेच्या खाली चार बोटं गेली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर द्वारकाबाई किटली घेऊन बाहेर पडली. आबा लांबून मागे गेले.

पेट्यांच्या ओळीत ती खाली बसली होती. प्रत्येक पेटीपुढे एक ताटली होती, अॅल्युमिनियमची, जुनी. किटलीतलं पाणी ती ताटलीत ओतायची आणि वर उसाच्या पाचटाच्या काड्या सोडायची. माश्या काड्यांवर उतरून सोंड खाली लावत होत्या. तिच्या मनगटावर, पदरावर माश्या होत्या. एकही चावत नव्हती.

"काड्या कशाला?" आबांना वेगळं काही सुचलं नाही.

ती दचकली नाही. "बुडत्यात की मग. अजितनं दावलं हुतं. काडी टाक म्हनायचा, त्यास्नी पाय ठिवाय जागा लागती."

"कवापासनं घालतीस?"

"तो गेला तवापासनं." तिनं पुढची ताटली भरली. "दवाखान्यात तुमी डबा आणाय गेलतासा खाली. मला म्हनला, आई, पेट्यांतल्या उपाशी असतील, साखरपाणी घाल, इसरू नगं. त्याच्या म्होरं काय बोलला न्हाय तो. रोज घालती मी. ताप आलता तवाबी घातलं. एक दिस चुकीवला न्हाय बघा."

आबा बांधावर बसले. उन्हाळ्यात फुलं नसतात तेव्हा अजित साखरपाणी घालायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. जूनअखेर रानात फुलं दिसली की तो ताटल्या धुऊन ठेवून द्यायचा. पुढं माश्यांनी फुलांतूनच आणायचं, मध व्हायचा तो त्या फुलांचाच. कधी घालायचं एवढं तो सांगून गेला होता. कधी थांबायचं ते सांगायला तो उरला नव्हता. आणि आई मुलाचा शब्द पाळत राहिली. कारखान्याच्या पोत्यातली साखर माश्यांनी नेली, पोळ्यात भरली, वर मेणाचं झाकण लावलं. चहातली साखर बायकोनं कशासाठी सोडली होती, तेही आबांना आत्ता कळलं.

"राजलक्ष्मीला ठावं हुतं?"

"म्हंजी? तिला न्हाय तर कुणाला? एकदा म्हनली, आत्या, आता फुलं हायती, ऱ्हाऊ दे. मी म्हनलं, बाय, त्यानं सांगितलंय गं. मग गप बसली. कवा कवा तीच पोत्यातनं काढून द्यायची, माझी कंबर धरती म्हनून." द्वारकाबाईनं वर बघितलं. "का वो? काय झालं?"

"काय न्हाय."

"मध ग्वाड झालाय का? कंपनीची लोकं काय म्हनली?"

"झालाय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकलवर अंथुर्ण्याला गेले. राजलक्ष्मी भावाच्या रानात भेंडी तोडत होती. हातांना जुन्या मोज्यांचे तुकडे बांधलेले. सासऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला, पाणी दिलं आणि परत ओळीत उभी राहिली. आबा तिच्या शेजारच्या ओळीतून, हातात काही नसताना, तिच्या पावलानं पुढे सरकत राहिले.

"खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर तुमी काय केलं असतंसा? तसंच घरात जाऊन आत्यास्नी इचारलं असतंसा. पोत्याचा हिशेब मागितला असतासा." ती भेंडी मोडत होती, टच, टच. "पोराचं शेवटचं बोलणं पाळलं वो त्यांनी. आन् त्यानंच पोराचं नाव गेलं, हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? मला न्हाय जमलं. मला वाटलं, वाटी-दोन वाटीनं काय हुतंय. पेट्या बावीस, हे माझ्या डोक्यात आलं न्हाय. चूक माझीच हाय. आदीच थांबवाय पायजे हुतं."

"मला तरी सांगायचंस, एकट्याला गाठून."

"तुमी इचारलंसा कुठं, आबा? तुमी तर साक्षीदार घेऊन आलतासा."

आबांनी हात जोडले. काट्यावर लोक त्यांच्यापुढं हात जोडत. स्वतः जोडणं त्यांना नीट जमलं नाही. बोटं वेडीवाकडी राहिली.

"नगा, नगा. बायका बघत्यात," राजलक्ष्मी घाईनं म्हणाली.

"घरला चल."

ती भेंडी तोडत राहिली. ओळ संपली. तिनं पाटी खाली ठेवली.

"खोटं मी बोलले, ते माझं मी बोलले. त्याचं मला काय न्हाय. पर तुमी ते लगीच खरं धरलंसा. नऊ वर्सं मी त्या घरात हाय. अजितच्या पाठीमागं बावीस पेट्यांतली एक मरू दिली न्हाय. आन् तुमास्नी एका नजरेत पटलं. आता रोज सकाळी तुमच्या म्होरं चहाचा कप ठिवायचा, तर मी तुमच्याकडं कसं बघायचं? खाली बघितलं तर परत संशय यायचा."

आबा काहीतरी म्हणणार होते. त्यांच्याकडे प्रत्येकाबद्दल काही ना काही लिहिलेलं असायचं. तिच्याबद्दल नऊ वर्षांत काय लिहिलंय म्हणून ते शोधायला लागले, तर मधाच्या खोलीतल्या त्या दुपारच्या आधीचं एकही वाईट सापडेना. आणि चांगलं त्यांनी कधी लिहून ठेवलंच नव्हतं.

मग राजलक्ष्मीनं सगळं ठरवलेलं सांगितलं. अठरा पेट्या ती इथं आणणार, भावाच्या रानात. सगळा जुना मध काढून टाकून माश्यांना रिकाम्या चौकटी देणार. बाटलीवर नाव अजितचंच. पुण्याला पुन्हा नमुना पाठवणार, पुन्हा नापास झाला तर पुन्हा. चार पेट्या निरवांगीत राहतील, आत्यांसाठी. त्यांतला मध विकायचा नाही, खायचा नाही, चौकटीला हात लावायचा नाही. आणि आत्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही.

"आन् छकुली?"

"तिचं नाव हितल्या शाळंत घातलं, सोमवारी."

आबांनी मान हलवली. परत येताना मोटरसायकल त्यांनी दोनदा रस्त्याकडेला थांबवली.

टेम्पो दिवेलागणीला आला. माश्या आत परतल्यावरच पेट्यांची दारं लावता येतात. राजलक्ष्मीचा भाऊ आणि आबा एकेक पेटी उचलून ठेवत होते. द्वारकाबाई अंगणातून बघत होती. आबांनी तिला सांगितलं, लांब सूर्यफूल लावलंय, फुलावर न्यायच्यात. अजितही दर साली न्यायचा, त्यामुळं तिनं काही शंका घेतली नाही.

"राजलक्ष्मी परस्पर तिकडंच गेली व्हय? पोरीला घेऊन?"

"व्हय."

"कवा येणार?"

"फुलं सरली की."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी स्वतः पातेल्यात पाणी कोमट केलं. द्वारकाबाईला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. तिनं शेजारी बसून माप सांगितलं. एक वाटी पाण्याला एक वाटी साखर. आबा ढवळत होते. तिनं दोनदा तळाला चमचा लावून बघितला, दोनदा अजून राहिलीय म्हणून सांगितलं.

पेट्यांपाशी गेल्यावर चार ताटल्या भरल्या, काड्या सोडल्या, आणि किटली जवळजवळ तशीच भरलेली राहिली. सवयीनं तिनं बावीस पेट्यांचं माप सांगितलं होतं. ती किटली धरून रिकाम्या घोड्यांच्या ओळीकडे बघत उभी राहिली.

"तकडं त्यास्नी कोण घालत असंल वो?"

"राजलक्ष्मी," आबा म्हणाले.

"हां, मग ठीक हाय," द्वारकाबाई म्हणाली. "ती न्हाय इसरायची."

आबांनी तिच्या हातातली किटली घेतली. जड होती. घराकडे चालताना त्यांनी ती दोनदा या हातातून त्या हातात घेतली.